आधी तुम्ही

८ जून

बाबा,

सलाम. परत करायची सक्ती नाही.

दचकू नका, भांडायला लिहीत नाहीये. आईचा गुडघा, गळका नळ, कोण काय म्हणालं, यातलं काही विचारणार नाही. ते सगळं आई मला फोनवर सांगते, तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचं नाटक करत असता तेव्हा. मला शास्त्रातला एक प्रश्न पडलाय आणि त्याचं उत्तर देईल असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. आता तो नेमका माझ्याशी बोलत नाही, त्याला मी काय करू? तर असं समजा, की कुठल्याशा लांबच्या गावातल्या मिशनऱ्याचं पत्र आलंय. मिशनरी बाई आहे हा तपशील वगळा. तुम्हाला वगळायची सवय आहे.

प्रश्न असा. आपल्या मंडळीची रीत तुम्हीच पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत आयुष्यभर शिकवलीत. प्रभुभोजनाच्या वेळी मेजापाशी उभा असलेला पाळक सगळ्यांना भाकर देतो आणि आपणही घेतो. पण स्वतःच्या हाताने नाही, तर दीक्षा झालेल्या दुसऱ्या पाळकाच्या हातून. तुमच्या मोठ्या चर्चमध्ये हे शोभून दिसतं, तिथे पाळकांना काय तोटा! इथे दीक्षा झालेली मी एकटी. आमचे वरिष्ठ पाळक येतो येतो म्हणतात, पण त्यांचं येणं आणि आपल्या नळाचं दुरुस्त होणं एकाच जातीचं. म्हणजे मी इथे आले तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना देते आणि ताट झाकून ठेवते. मला कोणी देत नाही. कालही तेच झालं.

त्यातून आमचा हॉल बेकरीच्या वर. जिना अरुंद, भिंतीला हात लावला तर भट्टीची ऊब लागते. मी वर प्रार्थना म्हणत असते आणि खालून ताज्या पावाचा असा वास येतो की म्हाताऱ्याकोताऱ्यांचीही चित्तं भटकतात. भाकर म्हणून मेजावर जो पाव असतो तोही बेकरीवाल्या काकांचाच. ते आपल्या मंडळीतले नाहीत, देवाशी त्यांचं फारसं बोलणं नाही, पण रविवारचा पाव स्वतः निवडून वर पाठवतात. एवढा सुगंध, एवढा पाव, आणि मेजवानी मांडणारी उपाशी. सांगा, स्वतःच्या हाताने घेऊ का?

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं बंड केलंस, आता हे विचारतेस कशाला? सांगते. बायकांना दीक्षा द्यायची की नाही यावर सभा झाली, त्यात तुम्ही उठून म्हणाला होतात, "एकदा बाई मेजापाशी उभी राहिली, की एकेक रीत मोडत जाईल." मी मागच्या बाकावर होते. तेव्हाच मनाशी ठरवलं, की दीक्षा तर घेणार आणि एकही रीत मोडणार नाही. तुम्हाला खोटं पाडायचा दुसरा मार्ग मला दिसला नाही.

उत्तर कार्डावर दिलंत तरी चालेल.

एक मिशनरी


२२ जून

बाबा,

कार्ड मिळालं! पोस्टमनसमोर नाचायचंच काय ते बाकी राहिलं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये एवढंच: "घेऊ नये. त्या मेजावर कोणी घेत नसतं. तिथे मिळत असतं." मी होस्टेलवर होते तेव्हा तुमच्या कार्डांवर "ठमे" अशी हाक असायची. ती शोधायला कार्ड उलटंसुलटं केलं. नव्हती. असू दे. कडेला आईची पेन्सिल मात्र सापडली: "गुडघा बरा. गादी घेतलीस का? जमिनीवर झोपू नकोस." एकाच कार्डावर नियमशास्त्र आणि सुवार्ता! असं कार्ड जपून ठेवायला हवं.

तुमचं उत्तर बरोबर आहे आणि म्हणूनच माझा जळफळाट झाला. कृपा आपण होऊन उचलायची नसते, हे मीच गेल्या महिन्यात तासभर घसा ताणून सांगितलं होतं.

खरं सांगू? मिशनरी म्हणजे देणारा, असंच डोक्यात घेऊन मी इथे आले. पुस्तकांच्या दोन ट्रंका आणल्या होत्या, आठवतं? नाही, तुम्ही निरोप द्यायला कुठे आला होतात. तर त्या ट्रंका त्या अरुंद जिन्यातून वर चढवल्या ड्रायव्हरसाहेबांनी. हे इथली बस चालवतात, आवाज भोंग्यासारखा, मन लोण्याचं. शेगडी दिली नर्सबाईंनी. ह्या सरकारी दवाखान्यात असतात, थेट ड्यूटीवरून उपासनेला येतात, म्हणून अंगाला औषधाचा वास असतो. गादी, हो, गादीपण त्यांच्याच भावाकडून आली, आईला सांगा. द्यायला आलेल्या बाईचा संसार घेऊन घेऊनच उभा राहिला. आधी लाज वाटायची. मग एकदा उपदेशाची तयारी करताना लक्षात आलं, की आपला प्रभूसुद्धा त्या शोमरोनी बाईला भेटला तेव्हा विहिरीवर बसून आधी पाणीच मागतो. शिकवणं नंतर. तहान नसती तर बोलणंच सुरू झालं नसतं.

तर सगळीकडे घेते आहे, फक्त मेजापाशी तेवढं काही मिळत नाही. म्हणून दुसरा प्रश्न. दीक्षा न झालेल्या, पण बाप्तिस्मा झालेल्या, चांगल्या माणसाने मला दिलं तर चालेल का? नर्सबाई माझ्या डोळ्यांसमोर आहेत. लोकांच्या तोंडात घास घालण्यातच त्यांचा जन्म चाललाय.

तीच मिशनरी


६ जुलै

बाबा,

दुसरं कार्डही पावलं. "चालणार नाही. हात दीक्षा झालेलाच हवा. शिवाय देणाऱ्याने आधी स्वतः घेतलेलं असावं. ज्याने घेतलं नाही त्याने देऊ नये." हे पुढचं मी विचारलंही नव्हतं! तुम्हाला राहवलं नाही ना? वर्गातल्यासारखं खडू हातात घेऊन उभे असाल, मला दिसलात.

आता इथली गंमत ऐका. काल प्रभुभोजन होतं. मी ताट घेऊन ड्रायव्हरसाहेबांसमोर गेले, तर त्यांनी हात पुढे करायच्याऐवजी जोडले, डोळे मिटले आणि मान हलवली. मला वाटलं, पोट बिघडलंय. उपासना संपल्यावर जिन्यात गाठलं.

"बरं नाहीये का?"

"अगदी ठणठणीत," ते म्हणाले. मग जरा लाजून, "मी म्हटलं, आता हळूहळू तुमच्या वाटेला लागावं."

"माझी कुठली वाट?"

"न घेण्याची. आम्ही काय, हात पसरून लगेच घेतो. तुम्ही सगळ्यांना वाटता आणि आपण शिवतसुद्धा नाही. केवढा संयम! मी घरी बायकोला म्हटलं, खरी भक्ती ही."

बाबा, मी तिथेच पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. खालून काका भट्टी सोडून बघायला आले. मग मी सगळी रीत समजावली, दीक्षा झालेला हात, स्वतः न उचलणं, सगळं सगळं. ड्रायव्हरसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आदराने म्हणाले, "मोठी माणसं असंच काहीतरी सांगून स्वतःचा मोठेपणा झाकतात."

आता ह्याला काय म्हणाल? धर्मशास्त्रात अशा पाखंडाला नाव आहे का? नसेल तर तुम्ही ठेवा. तिसरा प्रश्न हाच समजा.

तुमची विद्यार्थिनी (वर्गात बसू न दिलेली)


३ ऑगस्ट

बाबा,

तिसऱ्या प्रश्नाला कार्ड आलं नाही. प्रश्न तुम्हाला थट्टेचा वाटला असेल. मलाही वाटला होता. काल हसू जिरलं.

काल ताट भरलेलं परत आलं. भरलेलं म्हणजे जसंच्या तसं. मी एका टोकापासून सुरुवात केली, हात जोडलेले. पुढे गेले, हात जोडलेले. महिनाभरात ड्रायव्हरसाहेबांचं बघून हे सगळीकडे पसरलं होतं आणि मला पत्ता नाही. बाक संपले. सगळे डोळे मिटून, चेहऱ्यांवर सात्त्विक भाव आणून बसलेले, आणि मी पावाचं ताट घेऊन मध्ये उभी, लग्नात चुकीच्या मांडवात शिरल्यासारखी.

मग मी ताट ठेवलं आणि बोलले. जीव तोडून बोलले. हे बक्षीस नाही, हे औषध आहे, हे चांगल्या माणसांसाठी राखून ठेवलेलं नाही, पहिल्यांदा हे मिळालं ते त्याच रात्री पळून जाणाऱ्या शिष्यांना मिळालं, नाकारणाऱ्याला मिळालं, धरून देणाऱ्यालाही मिळालं. आयुष्यातला सगळ्यांत चांगला उपदेश झाला असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा ताट उचललं. पहिल्या बाकावरच्या आजी अगदी प्रेमाने म्हणाल्या, "आधी तुम्ही." मागचेही म्हणाले, "हो ताई, आधी तुम्ही."

बोला आता! पाहुणचारात हे शब्द मी जन्मभर म्हणत आले, पण एवढे कधी लागले नव्हते. बोलून काय होतंय? मी तोंडाने कृपा सांगत होते आणि त्यांना दिसत होती उपाशी बाई.

ताट खाली गेलं तर काका खवळले. भट्टीसमोरून तसेच, पिठाच्या हातांनी वर आले. "माझ्या पावात काय खोट निघाली? आजवर कुणी पाव परत पाठवलेला नाही!" मी म्हटलं, पाव उत्तम आहे, घोळ धर्माचा आहे. ते म्हणाले, "मग धर्म दुरुस्त करा. पाव खायला असतो."

आणि नर्सबाई. त्या सगळे गेल्यावर बाकावर बसून होत्या. मी शेजारी बसले. म्हणाल्या, "ताई, मागच्या महिन्यात मी घेतलं होतं. ड्रायव्हरसाहेबांनी हात जोडले आणि मी मात्र घेतलं. नंतर महिनाभर वाटत राहिलं, मीच एक अधाशी. ड्यूटीवरून येते तेव्हा पार रिकामी झालेली असते हो. ते एवढंसं मिळालं की पुढचा महिना निघतो. पण आता नाही घेणार. मला जमेल." आणि रडायलाच लागल्या.

बाबा, ही आता तुमची-माझी कुस्ती राहिली नाही. एका दमलेल्या बाईला कृपेची भूक लागल्याची लाज वाटतेय, आणि ती लाज माझ्यामुळे, मी पाळत असलेल्या रीतीमुळे आलीय. मी वरिष्ठांना फोन केला. या, म्हटलं, हात जोडते. ते आले असते तर रीतीप्रमाणे मेजावरचे शब्दही मेजापाशी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या पाळकाने म्हणायचे, मी बाजूला उभी राहिले असते, तेही आनंदाने. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

म्हणून कळवते. सहा सप्टेंबरला पुढचं प्रभुभोजन. तोवर कोणी आलं नाही, तर मी सगळ्यांसमोर आधी स्वतःच्या हाताने घेणार आणि मग देणार. तुम्ही सभेत म्हणाला होतात ते त्या दिवशी खरं होईल. मला वाईट वाटेल, खूप वाईट वाटेल, पण नर्सबाईंपेक्षा रीत मोठी नाही.

तुमची मुलगी


२५ ऑगस्ट

बाबा,

एवढं रामायण लिहिलं आणि कार्डावर काय, तर "रीत मोडू नये. थांबावे." थांबावे! कोणी, कशासाठी, किती? मला इतका राग आला की कार्ड टेबलावर आपटलं, मग उचलून पहिल्या दोन कार्डांबरोबर ठेवलं.

आईने कडेला लिहिलंय, "ह्यांनी काळे बूट शिवायला दिलेत. कुठे जायचंय विचारलं तर म्हणतात, बूट आहेत, शिवून ठेवावेत." कोणी गेलं का? काळे बूट तुम्ही फक्त लग्नाला आणि मयताला काढता. कोणाचं लग्न असेल तर मला कळलं असतं. कोण गेलं ते आईला फोन करायला सांगा.

मी थांबणार नाहीये. सांगून ठेवते.

तुमची हट्टी मुलगी (हट्ट कोणाकडून आला ते आईला विचारा)


७ सप्टेंबर

बाबा,

तुम्ही अजून बसमध्ये असाल आणि मी लिहायलाही बसले. तुम्ही म्हणाल, मी तिथेच होतो, मला काय सांगतेस? पण तुम्ही डोळे मिटले होते. त्यामुळे बरंच तुमचं बघायचं राहिलंय.

काळे बूट! तेव्हाच कळायला हवं होतं मला.

पहिलं गाणं चालू असताना दार ढकलून तुम्ही आत आलात आणि नेमके शेवटच्या बाकावर ड्रायव्हरसाहेबांशेजारी बसलात. माझी गाण्याची ओळ कुठल्या कुठे गेली. वाटलं, चुका काढायला आलेत. मी मेजावरचे शब्द म्हटले, एकही इकडचा तिकडे न करता. तुमचे ओठ हलताना दिसत होते, तपासत होतात ना? आणि ड्रायव्हरसाहेब तुमच्या कानाशी काय कुजबुजले ते त्यांनी मला मागाहून सांगितलं: "आजोबा, नवीन दिसता. इथे घ्यायचं नसतं बरं का. नुसते हात जोडायचे." ज्यांनी ही रीत शिकवण्यात केस पिकवले त्यांना! तुमचा चेहरा लाल का झाला ते आता कळलं.

मी स्वतः घेण्यासाठी ताटाकडे हात नेणार, एवढ्यात तुमच्या बुटांचा आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. तुम्ही मधल्या वाटेने सरळ मेजापर्यंत आलात, माझ्या शेजारी उभे राहिलात आणि मंडळीला म्हणालात, "मी दीक्षा झालेला पाळक आहे. हिला मी देणार आहे." मग मला हळूच, "मी फक्त देईन. तुझ्या हातून घेणार नाही."

बाबा, त्या क्षणी मी गप्प बसले असते तर चाललं असतं. मला मिळालं असतं, सगळ्यांना मिळालं असतं. पण मी मुलगी कोणाची? मी म्हटलं, "ज्याने घेतलं नाही त्याने देऊ नये. कार्ड आहे माझ्याकडे."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मी लहानपणी तुमच्या उपदेशात मोठ्याने जांभई दिली होती तेव्हाही बघितलं नसेल. मला वाटलं, आता हे वळणार आणि जिना उतरणार. खाली भट्टीचं दार वाजलं. कोणी खोकलं. मग तुम्ही डोळे मिटलेत आणि हात पुढे केलेत. डावा खाली, उजवा वर, तळवे उघडे, मला शिकवलं होतं तसेच. तेव्हा माझी फजिती झाली, कारण मला ताट धड दिसेना. "ख्रिस्ताचं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं," मी म्हटलं. तुम्ही "आमेन" म्हणालात. माझ्या दीक्षेला आई एकटी आली होती. त्या दिवशी सगळं चर्च "आमेन" म्हणालं होतं आणि मी एकाच आवाजाची वाट बघत होते. तो आवाज काल आला.

मग तुम्ही तुकडा तोडलात, माझ्या हातावर ठेवलात, रीतीचे सगळे शब्द म्हणालात, आणि त्यांच्या पुढे, रीतीत कुठेही नसलेलं, "घे, ठमे." इतक्या महिन्यांनी तोंडात गेलेला तो पाव मला चावताच येईना. गिळावा की रडावा हेच कळत नव्हतं. दोन्ही केलं.

आणि हे तुम्ही अजिबात पाहिलं नाहीत, कारण तुम्ही पुन्हा डोळे मिटले होते. मी घास घेतला, तशा नर्सबाई उठल्या. कोणी बोलावलं नव्हतं. ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत, पर्स खांद्याला तशीच, सगळ्यांच्या पुढे येऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. तोंड हसरं. त्यांच्यामागे ड्रायव्हरसाहेब, "सरका, सरका" करत. त्यांच्यामागे पहिल्या बाकावरच्या आजी, चिडून, कारण त्यांचा नंबर गेला. महिनाभराची भूक एकदम बाहेर पडली. अर्धे बाक झाले आणि पाव संपला.

प्रभुभोजनाला पाव कमी पडला, असं माझ्या ऐकण्यातही नाही! जिन्याच्या तोंडाशी काका उभे होते, आपल्या पावाचं काय होतंय ते बघायला आलेले. रिकामं ताट दिसताच असे धावत खाली गेले आणि भट्टीतून काढलेला पाव टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. "गरम आहे, जपून!" तुम्ही घाईने तोडायला गेलात, बोटं भाजली, आणि चर्चमध्ये, मेजापाशी, सगळ्यांसमोर बोटांवर फुंकर मारलीत. मंडळी हसली. तुम्हीही हसलात. हे मी आईला फोनवर दोनदा सांगितलं, तिला पहिल्यांदा खरं वाटलं नाही.

मग आपल्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. नवा पाव आला म्हणजे त्याच्यावर पुन्हा शब्द म्हणायला हवेत. मी रीतीप्रमाणे बाजूला झाले. मेजापाशी वडीलधारा पाळक उभा असताना मी कशी म्हणणार? तुम्ही भाजलेलं बोट तोंडात धरून उभे. मग ते काढलंत आणि म्हणालात, "मेज तुझं आहे. तू म्हण."

मी म्हटलं. तुम्ही शेजारी उभे होतात. ताट रिकामं खाली गेलं आणि काकांनी ते हातात फिरवून नीट तपासलं. "आता कसं," म्हणाले, "आता झाला धर्म दुरुस्त."

आज बसमध्ये चढताना तुम्ही एवढंच म्हणालात, "तुकडे फार मोठे करतेस." करते. तसेच करणार. नर्सबाईंना पुढचा महिना काढायचा असतो. ड्रायव्हरसाहेब विचारत होते, आजोबा पुढच्या पहिल्या रविवारी येणार ना? मी म्हटलं, त्यांच्याशिवाय मी उपाशी राहते, हे आता त्यांना ठाऊक आहे. आईलाही घेऊन या. जिना चढता येत नसेल तर काकांनी भट्टीपुढची खुर्ची देऊ केलीय, खुर्चीसकट वर आणू.

आणि एक. शब्द वडीलधाऱ्यानेच म्हणायचे, ही रीत काल मोडली. ती तुम्ही मोडलीत, बाबा. मी अजून एकही मोडलेली नाही, सभेला कळवा.

ठमी